इस्रायल-पॅलेस्टाईन तहाचे प्रस्ताव: गाडी नेमकी कोणत्या कलमावर अडते?

रेघोट्या
कोण बरोबर, कोण चूक, आधी कुणी मारलं, यावर इथे भरपूर भांडून झालंय. हा धागा त्यासाठी नाही. मला कागदावरच्या गोष्टींत रस आहे.

क्लिंटन यांनी २३ डिसेंबर २००० ला दोन्ही बाजूंना वाचून दाखवलेली सूत्रं, जानेवारी २००१ ची ताबा इथली बोलणी, डिसेंबर २००३ चा बिनसरकारी जिनिव्हा मसुदा आणि सप्टेंबर २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांच्यापुढे ठेवलेला नकाशा. चारही शेजारी ठेवून वाचले तर सांगाडा एकच. १९६७ च्या युद्धाआधीची रेषा पायाभूत धरायची, वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतींचे मोठे गट इस्रायलला, बदल्यात दुसरीकडची जमीन पॅलेस्टाईनला, जेरुसलेममध्ये दोन राजधान्या, निर्वासितांना पर्याय आणि भरपाई, पॅलेस्टाईनला सैन्य नाही. उरतो तो तीन-चार टक्के जमिनीचा वाद. तेवढ्यावर पंचवीस वर्षं अडतं? मला वाटतं अडचण नकाशात नाहीच, अंमलबजावणीच्या कलमांत आहे. मूळ मसुदे वाचलेल्यांनी लिहा. येताना कलम, आकडा, तारीख घेऊन या.

कोपरखळी
बेळगावचं मिटलं की लगेच हे घेऊ.

गुणाकार
तीन-चार टक्के ठीक, पण कशाचे?

२००० च्या कॅम्प डेव्हिड बोलण्यांत इस्रायली बाजू वेस्ट बँक मोजताना तीन तुकडे धरतच नव्हती. पूर्व जेरुसलेम ७१ चौ. किमी, लात्रूनजवळचा ना-तुझा-ना-माझा पट्टा ५० आणि मृत समुद्राचं पाणी १९५. ते वगळून उरतात ५,५३८ चौ. किमी. पॅलेस्टिनी तिन्ही धरत, म्हणजे ५,८५४. आता '९१ टक्के देतो' हे वाक्य घ्या. ५,५३८ चे ९१ टक्के होतात ५,०४०. त्याला ५,८५४ ने भागा, ८६ टक्के येतात. नकाशा एक, पत्रकार परिषदा दोन, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

क्लिंटन सूत्रांत पॅलेस्टाईनला ९४ ते ९६ टक्के आणि वर १ ते ३ टक्के अदलाबदलीतून. कितीही ताणलं तरी ९९ च्या पुढे जात नाही. बाकीचं गाझाला जोडणाऱ्या कायमच्या रस्त्यासारख्या व्यवस्थेत भरून काढायचं. ओल्मर्टचं गणित ६.३ टक्के घेऊन ५.८ टक्के देण्याचं. मधला अर्धा टक्का गाझा ते हेब्रॉन रस्त्याच्या नावावर. पॅलेस्टिनींचा प्रतिप्रस्ताव १.९ टक्के, एकास एक. म्हणजे फरक ४.४ टक्के, अडीचशे चौ. किमीच्या वर. जिनिव्हा मसुदा २.२ च्या आसपास बसतो.

सातपुडा
गुणाकार, हिशेब चोख आहे. पण अडीचशे चौ. किमी कुठले, ते बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जेरुसलेमच्या कडेची गिव्हात झेएव्ह किंवा रेषेला खेटून असलेल्या वसाहती घेतल्या तर फारसं बिघडत नाही. भांडण आहे ते एरियल आणि माले अदुमिमवर. एरियल ग्रीन लाइनपासून (म्हणजे त्या १९६७ च्या रेषेपासून) पंधरा-वीस किमी आत, नाब्लस आणि रामल्लाच्या मधोमध. ती राखायची तर तिच्यापर्यंतचा रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा राखावा लागतो. मग नकाशावर एक बोट पूर्वेकडे घुसतं आणि साल्फितच्या लोकांना शेजारच्या गावी जायला वळसा पडतो. माले अदुमिमचं दुखणं म्हणजे ती आणि जेरुसलेम यांच्यामधली ई-१ ही सुमारे १२ चौ. किमीची जागा. तिथे सलग बांधकाम झालं की रामल्ला ते बेथलेहेम हा उभा रस्ता पूर्वेकडून तुटतो.

जिनिव्हावाल्यांनी यात निर्णय केला. माले अदुमिम इस्रायलला, पण एरियल, एफ्रात आणि हार होमा सोडायच्या. म्हणून त्यांचा आकडा २.२ वर आला. टक्केवारी आधी ठरली आणि वसाहती मागून बसवल्या, असं झालेलं नाही.

दुसरी बाजू, बदल्यात मिळणारी जमीन. २००० साली हालुत्झाची वाळू पुढे केली होती, गाझाच्या दक्षिणेला, इजिप्तच्या हद्दीलगत. पाऊस नाही, पाणी नाही.

कोपरखळी
रिंगरोडवरचा एनए प्लॉट घेऊन माळरान गळ्यात मारायचं. ओळखीचं वाटतंय.

पाटकरी
सातपुडा, त्या एरियलच्या बोटाखाली काय आहे तेही सांगायला हवं होतं. पश्चिमेचा जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणीसाठा. पाऊस पडतो वेस्ट बँकेच्या डोंगरांवर, मुरतो तिथेच, आणि पाणी वर येतं ते इस्रायलच्या सपाटीवर. इस्रायल आणि पॅलेस्टिनींचा अंतरिम करार, ओस्लो-२ (२८ सप्टेंबर १९९५), परिशिष्ट ३, कलम ४० उघडा. या जलधरातून इस्रायलला वर्षाला ३४० दलघमी, पॅलेस्टिनींना २२. आणि हे वाटप नवं नव्हतंच. त्या वेळचा वापर तसाच कागदावर चढवला होता. पॅलेस्टिनींची पुढची गरज ७० ते ८० दलघमी मान्य केली, त्यातले २८.६ तातडीने द्यायचे ठरलं. म्हणजे जेमतेम एक टीएमसी.

चुकलं कुठे? संयुक्त पाणी समितीत दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान आणि प्रत्येक निर्णय सहमतीने. वाचायला गोड. प्रत्यक्षात दोघांच्या हातात नकाराधिकार, पण तहान एकालाच. वेस्ट बँकेतली पॅलेस्टिनी विहीर, जलवाहिनी किंवा सांडपाण्याचा प्रकल्प समितीकडून जातो. 'क' क्षेत्रात (वेस्ट बँकेतला पूर्ण इस्रायली ताब्यातला भाग) असेल तर वर इस्रायली नागरी प्रशासनाचा परवाना. इस्रायलच्या हद्दीतल्या विहिरींना मात्र समिती लागत नाही. शेवटी वसाहतींच्या जलवाहिन्यांना मंजुरी द्यायला पॅलेस्टिनींनी नकार दिला आणि २०१० नंतर २०१७ पर्यंत समिती जवळपास ठप्पच होती.

गंमत अशी की सगळ्या यादीत आज पाणी हाच सर्वांत सोपा विषय आहे. अश्केलॉन २००५, हदेरा २००९, सोरेक २०१३. एकटं सोरेक वर्षाला १५० दलघमी समुद्राचं पाणी गोडं करतं. म्हणजे वाटपाचा प्रश्न आता बराचसा दराचा प्रश्न झालाय.

रेघोट्या
पाटकरी, जॉर्डनच्या तहातही पाणी होतं ना? ते कसं चाललं?

पाटकरी
बरंच बरं चाललं. २६ ऑक्टोबर १९९४, परिशिष्ट २. हिवाळ्यात यार्मूक नदीचं २० दलघमी पाणी इस्रायलने तिबेरियसच्या तळ्यासाठी उचलायचं आणि उन्हाळ्यात तेवढंच जॉर्डनला परत करायचं. साठवण नसलेल्याला साठवण मिळाली. कोणत्या महिन्यांत किती, कुठल्या ठिकाणी, खर्च कुणाचा, सगळं लिहिलेलं आहे. १९९९ च्या दुष्काळात कुरबुर झाली, पण तह मोडला नाही.

तळटीप
आता मूळ प्रश्नावर येऊ. रेघोट्या यांचं म्हणणं अर्धं पटतं. इजिप्तचा तह (२६ मार्च १९७९) आणि ओस्लोची तत्त्वघोषणा (१३ सप्टेंबर १९९३) यांतली वाद मिटवण्याची कलमं शेजारी ठेवून वाचा.

इजिप्तच्या तहात कलम ७. वाटाघाटीने न मिटलेला वाद समेटाकडे किंवा लवादाकडे जाईल. बस. याचा उपयोग झाला ताबाला. १९८२ मध्ये सिनाई परत केली, पण सीमास्तंभांच्या जागांवरून वाद राहिला. मुख्य वाद स्तंभ ९१ चा. किनाऱ्यावरची जेमतेम एक चौ. किमी जागा, तिच्यावर इस्रायलने बांधलेलं हॉटेल. पाच जणांचा लवाद बसला, जुने नकाशे आणि ब्रिटिश काळातले फोटो तपासले, २९ सप्टेंबर १९८८ ला निकाल इजिप्तच्या बाजूने गेला आणि मार्च १९८९ मध्ये इस्रायलने ताबा सोडला. गोळी न झाडता.

ओस्लोत कलम १५. आधी संयुक्त समिती, मग समेट, आणि लवाद कधी? दोन्ही बाजू कबूल झाल्या तर. म्हणजे ज्याला उशीर फायद्याचा, त्याने 'नाही' म्हणायचं. १९९५ च्या करारानुसार सहा-सहा महिन्यांच्या अंतराने तीनदा सैन्य मागे घ्यायचं होतं. पण प्रत्येक वेळी किती टक्के, हे लिहिलंच नव्हतं. ते ठरवायला अमेरिकेत वाय नदीकाठी (ऑक्टोबर १९९८) नवा करार करावा लागला. १३ टक्के 'क' मधून बाहेर काढायचे, १४.२ टक्के 'ब' (कारभार पॅलेस्टिनी, सुरक्षा इस्रायलच्या हाती) मधून 'अ' (पूर्ण पॅलेस्टिनी कारभार) मध्ये न्यायचे. अंतरिम काळाची मुदत ४ मे १९९९ ला संपली तेव्हा कामं अर्धवट होती. २००० मध्ये गाडी 'अ' १८, 'ब' २२, 'क' ६० टक्क्यांवर थांबली, ती आजही तिथेच आहे.

पॅरिस आर्थिक करारातही (२९ एप्रिल १९९४) तेच. पॅलेस्टिनींचे सीमाशुल्क आणि व्हॅट इस्रायल गोळा करतं, ३ टक्के वसुली खर्च कापतं, बाकी दरमहा पाठवतं. त्यांच्या महसुलाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हा. पैसे रोखले तर दाद कुठे मागायची? संयुक्त आर्थिक समितीकडे, जिथे रोखणारा अर्ध्या खुर्च्यांवर बसलेला. २००६, २०१२, २०१९, दर खेपेला तेच.

कोपरखळी
तळटीप, बेळगाव २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. लवाद असला म्हणून निकाल लागतोच असं नाही हो.

तळटीप
म्हणूनच मुदत लागते. जॉर्डनच्या तहातलं बाकूरा आणि गमर बघा. जमीन जॉर्डनची, शेती इस्रायली शेतकऱ्यांची, मुदत २५ वर्षं, आणि कुणी एक वर्ष आधी नोटीस दिली नाही तर आपोआप नूतनीकरण. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजे अब्दुल्लांनी नोटीस दिली, नोव्हेंबर २०१९ मध्ये जमीन जॉर्डनकडे गेली. इस्रायलला आवडलं नाही, पण वाद घालायला कलमात फट नव्हती.

शंकासुर
लवादाचं गाणं ऐकायला छान आहे, पण तुम्ही सगळी उदाहरणं दोन देशांमधली देताय. सिनाईत वसाहतवाले काही हजार होते. वेस्ट बँकेत, पूर्व जेरुसलेम सोडून, आज पाच लाखांच्या आसपास आहेत. १९९३ मध्ये लाख-सव्वालाख होते.

शिवाय सिनाई रुंद आहे. म्हणून तिचे पट्टे पाडता आले. 'अ' पट्ट्यात इजिप्तची एक डिव्हिजन, कमाल २२,००० माणसं आणि २३० रणगाडे. 'ब' मध्ये हलकी शस्त्रं असलेल्या सीमारक्षकांच्या चार बटालियन. 'क' मध्ये फक्त पोलीस आणि निरीक्षक दल. हद्दीच्या इस्रायली बाजूला 'ड'. इजिप्तचा रणगाडा हलला तरी इस्रायलला तयारीला वेळ मिळतो. नेतान्याजवळ इस्रायलची रुंदीच पंधरा किमी. तिथे पट्टे कुठे पाडणार? क्लिंटन सूत्रांत उत्तर होतं ते वेळेत, जागेत नाही. ३६ महिन्यांत माघार, जॉर्डन खोऱ्यात ठरावीक ठिकाणी आणखी ३६ महिने थोडं इस्रायली सैन्य आंतरराष्ट्रीय दलाच्या हाताखाली, आणि तीन इशारा केंद्रं, ज्यांचा फेरविचार दहा वर्षांनी. आंतरराष्ट्रीय दल दोघांच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही, हे कलम त्यातलं सर्वांत शहाणं. १९६७ मध्ये नासरने सांगितलं आणि संयुक्त राष्ट्रांचं दल सिनाईतून उठून गेलं, त्यावरून घेतलेला धडा आहे तो.

निळीशाई
रेषा-रेषा करताय म्हणून सांगते, 'ग्रीन लाइन' जेरुसलेममध्ये कशी आखली गेली ते वाचण्यासारखं आहे. ३० नोव्हेंबर १९४८. मोशे दायान आणि जॉर्डनचा अब्दुल्ला अल-तल यांनी १:२०,००० च्या नकाशावर आपापली रेषा जाड मेणपेन्सिलीने ओढली, एकाची हिरवी, एकाची लाल. पेन्सिलीची जाडी ३-४ मिलिमीटर. जमिनीवर ६० ते ८० मीटर. रस्ते, घरं त्या जाडीतच गेली. रेषेची आतली कड धरायची की बाहेरची, यावर पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली, कारण तो नकाशा तात्पुरत्या युद्धबंदीचा म्हणून आखला होता आणि १९४९ च्या शस्त्रसंधीत तोच उचलला गेला.

१९४७ ची संयुक्त राष्ट्रांची फाळणी तर आणखी विचित्र. ज्यू राज्याचे तीन तुकडे, अरब राज्याचे तीन, शिवाय याफा वेगळं, आणि तुकडे एकमेकांना दोन ठिकाणी नुसत्या टोकाने चिकटलेले. ज्यू राज्यात अरब चार लाखांवर. फाळणी सुचवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताचे सर अब्दुर रहमान होते. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळा अहवाल देऊन संघराज्य सुचवलं होतं. २९ नोव्हेंबरच्या मतदानात ३३ विरुद्ध १३, १० तटस्थ. आपलं मत विरोधात.

मधुमालती
वाचतेय. भारी धागा. आपले कोकणातले बेने इस्रायल या सगळ्यात कुठे बसतात? लोद, दिमोनाला बरेच आहेत म्हणतात.

सूत्रचालक
मधुमालती, त्यावर वेगळा धागा काढा, लोक आनंदाने लिहितील. इथे विषयावर राहू या.

दस्तऐवज
निर्वासितांवर कुणी लिहिलं नाही. १९४८ मध्ये सात लाखांवर लोक बाहेर पडले किंवा काढले गेले. आज नोंदणी साठ लाखांच्या जवळ. सगळ्यांना वाटतं हाच न सुटणारा भाग. मसुद्यांत तो बराच सुटलेला आहे. क्लिंटन सूत्रांत पाच जागा: पॅलेस्टाईन, अदलाबदलीत मिळणारा भाग, आज राहतात तो देश, तिसरा देश आणि इस्रायल. दुसरी जागा हुशारीची आहे. आज इस्रायलमध्ये असलेल्या जमिनीवर माणूस परत जातो आणि इस्रायलची लोकसंख्याही बदलत नाही. जिनिव्हा मसुद्यात इस्रायलने किती घ्यायचे ते इस्रायलच ठरवणार, पण तिसरे देश जेवढे घ्यायला तयार होतील त्यांची सरासरी विचारात घेऊन. ओल्मर्ट पाच वर्षांत पाच हजार म्हणत होते. अरब देशांतून निघालेल्या ज्यूंच्या भरपाईचा उल्लेख क्लिंटन यांनीही केला होता, तो पॅलेस्टिनी चर्चांत फारसा येत नाही.

अडतं ते 'यानंतर कुणाचाही दावा शिल्लक नाही' या वाक्याशी. संख्येवर तडजोड होते, या वाक्यावर सही करणारा नेता घरी तोंड दाखवू शकत नाही.

बारीकसारीक
अदलाबदलीचं एक झालेलं उदाहरण आपल्याच दारात आहे. भारत-बांगलादेश एन्क्लेव्ह (एकमेकांच्या हद्दीत अडकलेले जमिनीचे तुकडे), ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र. आपले १११ तिकडे गेले, त्यांचे ५१ इकडे आले. आपण १७ हजार एकर देऊन ७ हजार एकर घेतले, कुणी बेंबीच्या देठापासून ओरडलं नाही. लोकांना कुठलं नागरिकत्व हवं ते विचारलं, आणि तिकडून उठून इकडे येणारे हजारही निघाले नाहीत. पण १९७४ च्या कराराला २०१५ का उजाडलं? कारण बेरुबाडी प्रकरणात न्यायालयाने सांगितलं होतं की भूभाग सोडायला घटनादुरुस्ती हवी. ती शंभरावी दुरुस्ती.

इस्रायलमध्ये हीच मेख २०१४ मध्ये मारून ठेवलीय. सार्वमताचा मूलभूत कायदा. इस्रायली कायदा लागू असलेली जमीन द्यायची तर संसदेत १२० पैकी ८० मतं, नाहीतर सार्वमत. वेस्ट बँकेला तो लागू नाही, पूर्व जेरुसलेमला आहे. याचा अर्थ हेब्रॉनजवळचा डोंगर सोडायला साधं बहुमत पुरेल, पण त्याच्या बदल्यात द्यायच्या गाझालगतच्या माळाला ८० मतं. म्हणजे अदलाबदल हा सगळ्या प्रस्तावांचा कणा, आणि कायद्याने तोच सर्वांत अवघड.

शंकासुर
हे बारीकसारीक यांनी बरोबर पकडलं. पलीकडे तर मंजुरी देणारं कुणी आहे का हाच प्रश्न. ओस्लोवर सही पीएलओची (पॅलेस्टिनी मुक्ती संघटना). शेवटची संसदीय निवडणूक जानेवारी २००६, जून २००७ मध्ये गाझा हमासकडे गेली. आणि ओल्मर्टनी नकाशा दाखवला तेव्हा ते स्वतः राजीनाम्याच्या उंबरठ्यावर. नकाशाची प्रत दिली नाही, अब्बास यांनी आठवणीने कागदावर काढून घेतला. असल्या कागदावर कोण सही करेल?

तळटीप
करार झाला तरी रोजच्या कामाला दाद मागायची सोय नसेल तर काय होतं याचा नमुना, १५ नोव्हेंबर २००५ चा गाझाच्या ये-जा करण्याबद्दलचा करार. गाझाच्या करनी नाक्यातून वर्षअखेर रोज १५० ट्रक माल बाहेर, २००६ च्या शेवटी ४००. गाझा-वेस्ट बँक बस १५ डिसेंबरपासून. आकडे, तारखा सगळं होतं. हल्ल्याची खबर आली की इस्रायल नाका बंद करणार आणि कधी उघडायचा तेही तेच ठरवणार, याला उतारा नव्हता. बस एकदाही सुटली नाही. २००६ मध्ये करनी कित्येक दिवस बंदच.

गाझासाठी २९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी जाहीर केलेली २० कलमं आणि नोव्हेंबरचा सुरक्षा परिषदेचा २८०३ क्रमांकाचा ठराव याच चष्म्यातून वाचा. माघार नि:शस्त्रीकरणाच्या टप्प्यांना बांधलीय. टप्पा पूर्ण झाला हे कोण जाहीर करणार आणि ते न पटल्यास काय, तेच सैल आहे.

रेघोट्या
मग समजा मसुदा तुमच्या हाती दिला, पहिलं कलम कोणतं लिहाल?

तळटीप
सक्तीचा लवाद, ठरलेल्या दिवसांत निकाल, आणि निकाल येईपर्यंत पुढचा टप्पा थांबणार नाही. दोघांनाही आवडणार नाही, म्हणूनच.

सातपुडा
मी वसाहतवाल्यांसाठी भरपाईचा कायदा आधी करेन. गटांच्या बाहेर राहणारे लाखावर आहेत. २००५ मध्ये गाझातून आठ-नऊ हजार लोक हलवले, भरपाईचा कायदा फेब्रुवारीत, लोक ऑगस्टमध्ये बाहेर. पुढे कित्येक वर्षं त्यातले बरेच नित्झानच्या तात्पुरत्या घरांत. तो अनुभव पाहून कोण स्वखुशीने उठेल? सही व्हायच्या आधी, जायचं असेल त्याला पैसे घेऊन जाता आलं पाहिजे. असं विधेयक मागे मांडलं गेलं होतं, पुढे सरकलं नाही.

शंकासुर
आणि मी निवडणूक. कुणाची ते सांगत नाही, दोन्हीकडचे अंगावर येतील.

मधुमालती
गोलनचं काय? तो यात धरत नाहीत का?

गुणाकार
तो सीरियाशी, वेगळा विषय. पण २६ मार्च २००० ला जिनिव्हात क्लिंटन आणि सीरियाचे अध्यक्ष असद यांची भेट ज्यावर फिसकटली ती तिबेरियस तळ्याच्या ईशान्य काठावरची काही शे मीटरची पट्टी. १९२३ ची हद्द काठापासून दहा मीटर पूर्वेला आखलेली, ४ जून १९६७ ला सीरियन सैनिक थेट पाण्याशी, आणि तळं त्यानंतर आटत मागे सरकलेलं. काठ कोणत्या वर्षाचा धरायचा इथपासून सुरुवात. काढा धागा, जुने नकाशे टाकतो.